दर दोन वर्षांनी एक बेट

चित्रकलेच्या मास्तराला घेऊन प्रवासाला जाऊ नये. देवळात नेले तर तो देवाकडे न बघता खांबांवरच्या नक्षीकडे बघत बसतो. मंडईत नेले तर वांग्याच्या रंगात निळा किती आणि तांबडा किती याचा विचार करीत उभा राहतो, आणि वांगी घ्यायची राहून जातात. हे मत माझे नव्हे, आमच्या मंडळींचे आहे, आणि त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाचा आधार आहे. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छत्तीस वर्षे हायस्कुलात ड्रॉइंग शिकवले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना किती पोरे बसवली याची मोजदाद नाही. असला हा मास्तर २०१९ च्या जानेवारीत तैवानला जाऊन पोहोचला.

त्याचे असे झाले. आमचे जावई तेव्हा सिंचू नावाच्या शहरात संगणकाच्या चिप बनविणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होते. सिंचू हे वाऱ्याचे गाव. तिथे तांदळाच्या बारीक शेवया वाऱ्यावर वाळवतात, आणि त्या शेवयांसाठी गाव प्रसिद्ध आहे. पंधरा दिवस वारा खाऊन झाला, नातवाशी खेळून झाले, शेजारच्या देवळातले रंगीत ड्रॅगन वहीत उतरवून झाले. मग एके दिवशी लेक म्हणाली,

"बाबा, तैचुंगच्या सरकारी कलासंग्रहालयात प्रदर्शन भरलंय. दर दोन वर्षांनी भरतं. तुम्ही बघून या."

"कसलं प्रदर्शन?"

"सध्याच्या तैवानी कलेचं. आणि तिकीट नाही."

या शेवटच्या दोन शब्दांवर आमची मंडळीही यायला तयार झाली.

तैवान म्हणजे केवढा मुलूख, याची आपल्याकडे फारशी कल्पना नसते. मलाही नव्हती. आपल्या महाराष्ट्राचे साडेआठ वाटे केले तर त्यातला एक वाटा, म्हणजे साधारण छत्तीस हजार चौरस किलोमीटर. माणसे सव्वादोन कोटींच्या वर. मधोमध डोंगरांचा कणा, आणि त्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट. पण या एवढ्याशा बेटावर किती जणांनी हुकूम चालवला! मूळचे आदिवासी; मग चीनच्या किनाऱ्यावरून आलेले शेतकरी आणि कोळी; १८९५ पासून पन्नास वर्षे जपानी; आणि १९४५ नंतर चीनमधले राष्ट्रवादी सरकार. हे सरकार १९४९ साली माओच्या फौजांपुढे हरून लाखो माणसांनिशी कायमचेच इथे येऊन राहिले. त्याच वर्षी पुकारलेला लष्करी कायदा उठला तो १९८७ साली. अडतीस वर्षे! एवढ्या काळात पोराचा बाप होतो आणि बापाचा आजोबा.

सिंचूहून तैचुंगला जलद गाडीने अर्धा तासही लागत नाही. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून मोटारीने शहरात शिरलो. संग्रहालयापर्यंत जाणारा रस्ता म्हणजे एक लांबच लांब बागच आहे. दुतर्फा खाणावळी आणि चहाची दुकाने. इमारत लांबट, बसकी, ऐसपैस. समोर हिरवळीवर शिल्पे मांडलेली, आणि त्या शिल्पांच्या सावलीत पोरे खुशाल डबे उघडून बसलेली. कुणी 'हात लावू नका' म्हणून अंगावर येत नव्हते. मला ती जागा तिथेच आवडली.

हे संग्रहालय १९८८ साली उघडले, म्हणजे लष्करी कायदा उठल्याच्या दुसऱ्याच वर्षी. सुरुवातीला ते प्रांताचे होते. १९९९ साली राष्ट्रीय झाले आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर मोठा भूकंप झाला. मध्य तैवान हादरला, दोन हजार चारशेहून अधिक माणसे गेली. त्या भूकंपात इमारतीलाही इजा झाली. डागडुजी होऊन ती पूर्ववत उघडायला २००४ साल उजाडले. त्यानंतर २००८ पासून इथे हे द्वैवार्षिक प्रदर्शन भरते, मुख्यतः तैवानच्याच कलावंतांचे. दर खेपेला संयोजक बदलतात आणि एखादे नवे सूत्र घेऊन कामे गोळा करतात. २०१६ चे सूत्र होते 'एका बेटाची शक्यता'. आम्ही गेलो त्या २०१८ च्या प्रदर्शनाचे नाव होते 'रानटी कंद'. गोंग जो-जुन आणि चौ यू-लिंग या दोघांनी ते योजलेले. पैकी गोंग हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, तेव्हा नाव सरळ असेल अशी अपेक्षाच चुकीची. पण हे नाव मला मात्र एकदम कळले. आले, हळद ही काही मुळे नव्हेत. ती जमिनीखाली आडवी पसरणारी खोडे. वरचे हिरवे कापून टाका, खाली त्याला पत्ताही लागत नाही. चार हात पलीकडे तो नवा कोंब काढतो. सांगलीच्या हळदीच्या बाजाराला जाऊन आलेल्या माणसाला यात तत्त्वज्ञान शिकावे लागत नाही.

आत मात्र माझी थोडी पंचाईत झाली. भिंतीवर चौकटीत लावलेली चित्रे बघायची सवय. इथे अंधाऱ्या खोल्या, पडद्यावर हलणारी चित्रे, काचेखाली मांडलेली कागदपत्रे, कुठून तरी येणारे आवाज. आमच्या मंडळींनी दोन दालने बघितली आणि "तुम्ही चालू द्या" म्हणून बाहेर बाकावर बसणे पसंत केले. मी वही काढून उभा होतो तेवढ्यात गळ्यात संग्रहालयाचा बिल्ला अडकवलेल्या एक वृद्ध बाई जवळ आल्या आणि चांगल्या इंग्रजीत म्हणाल्या, "आपण चित्रकार का?"

मी म्हणालो, "नाही. ड्रॉइंग मास्तर."

त्या हसल्या. त्याही निवृत्त शिक्षिका निघाल्या, आणि माझ्याच वयाच्या. आठवड्यातून दोन दिवस इथे स्वयंसेविका म्हणून येत. मास्तरांची जात जगात कुठेही एकच. पाच मिनिटांत आम्ही पोरांच्या खोड्या, परीक्षा आणि हेडमास्तर या विषयांवर येऊन ठेपलो.

मी त्यांना विचारले, "या सगळ्यात चित्र कुठं आहे?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी शाळेत होते तेव्हा चित्र काढायला सांगितलं की आम्ही चीनची मोठी भिंत काढायचो. यांगत्से नदी काढायचो. नकाशात सगळ्या नद्या पाठ होत्या. यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं, माझ्या आईनं पाहिलेलं नव्हतं. घरामागून ओढा वाहत होता. तो काढावा असं कधी मनातसुद्धा आलं नाही. तो काही चित्रात काढण्यासारखा नव्हता."

आणि मग त्यांनी सांगितले, की वर्गात घरची बोली बोलताना कुणी सापडले तर त्याच्या गळ्यात पाटी अडकवत. ती पाटी दिवसभर गळ्यात वागवायची आणि दुसरा कुणी बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात घालायची. "म्हणजे आम्हीच एकमेकांवर पाळत ठेवायचो," त्या म्हणाल्या. "शिक्षकांना काही करावंच लागत नसे."

वाचकहो, या ठिकाणी मला माझे काही सांगणे भाग आहे. आमचा तालुका कायमचा दुष्काळी. नारळाचे झाड औषधाला नाही. पण छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांनी 'निसर्गचित्र' म्हटले की एकच चित्र काढले: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथून वळण घेत येणारी नदी, काठाला कौलारू झोपडी आणि झोपडीवर वाकलेला माड. कोकण न बघितलेल्या पोरांनी काढलेले कोकण. मीच ते फळ्यावर काढून देत असे, कारण परीक्षेत त्याला मार्क मिळत. १९७२ च्या दुष्काळात शाळेच्या प्रदर्शनासाठी एका पोराने रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया काढून आणल्या. ओळीने बसलेल्या, पाठमोऱ्या, डोक्यावरून पदर. शेवटची त्याची आई असावी, कारण तिच्याच पायाशी सुकडीचे भांडे त्याने काढले होते. आकाश त्याने रंगवलेच नव्हते, नुसता कागद कोरा सोडलेला. चित्र चांगले होते. ते मला तेव्हाही कळले होते. पण शिक्षणखात्याचे साहेब यायचे होते. मी म्हणालो, "अरे, असली चित्रं प्रदर्शनात लावत नसतात. झाडबीड काढ काहीतरी." त्याने दुसरे चित्र आणले नाही. पुढे चित्रकलेच्या तासाला तो नुसता बसून असे.

हे मी त्या बाईंना सांगितले की नाही? सांगितले. परक्या देशात परक्या भाषेत अशा गोष्टी सोप्या जातात.

प्रदर्शन म्हणजे नुसती भिंतीवर चित्रे लावणे नव्हे. काय लावायचे आणि काय नाही हे ठरवणारा कुणी तरी आधी बसलेला असतो. तैवानच्या बाबतीत तो कोण होता, हे घरी परत आल्यावर मी मिळेल तेवढे वाचून काढले, आणि वाचता वाचता गुंगून गेलो.

या बेटावर सरकारी कलाप्रदर्शन पहिल्यांदा भरले १९२७ साली, तैपेमधल्या एका प्राथमिक शाळेच्या सभागृहात. भरवणारी संस्था जपानी अंमलातली तैवान शिक्षण सभा. परीक्षक चौघे, चौघेही जपानी, आणि त्यांतले तिघे इथे शिकवणारे ड्रॉइंग मास्तर! 'पौर्वात्य चित्रे' आणि 'पाश्चात्त्य चित्रे' असे दोन विभाग. पौर्वात्य विभागात गावोगावच्या नामांकित चित्रकारांनी आपापले बांबू, कमळे आणि ढगांतले डोंगर पाठवले. ते बहुतेक सगळे नापास झाले. कारण? जुन्या चिनी कित्त्यांवरून गिरवलेले. बेटावरच्या चित्रकारांपैकी त्या विभागात निवडली गेली तीन पोरे: कुओ श्वे-हू, लिन यू-शान आणि चेन चिन. सगळी एकोणीस-वीस वर्षांची, आणि त्यातली चेन चिन तर मुलगी. गावात केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा. नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शनही भरले. पण ती तीन पोरे पुढे तैवानी चित्रकलेचे आधारस्तंभ ठरली.

म्हणजे परक्या परीक्षकांनी चांगले केले की वाईट? हा निवाडा मला अजून करता आलेला नाही. इशिकावा किनइचिरो हा त्यातला एक. जलरंगात हात बसलेला माणूस, पोरांना वर्गाबाहेर घेऊन जाई आणि इथला उजेड जपानसारखा नाही, तो डोळे उघडून बघा म्हणून सांगे. असा मास्तर मला भेटला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पण याच परीक्षकांनी 'स्थानिक रंग' नावाची एक मागणीही घातली. तैवानच्या चित्रात तैवान दिसले पाहिजे. म्हणजे केळी, म्हशी, देवळे, ऊन. टोकिओतल्या माणसाला दक्षिणेकडची वसाहत जशी दिसावीशी वाटे तशी. म्हणजे इथेही माड आलाच. फरक एवढाच, की इथला माड खरोखर दारात उभा होता.

१९४५ साली जपानी गेले आणि १९४६ पासून प्रांतिक प्रदर्शन सुरू झाले. आता परीक्षकांत तैवानी चित्रकारही होते. पण लवकरच चीनहून आलेल्या पंडितांनी नवा वाद काढला: हे जे तुम्ही दाट रंगात, बारकाईने काढता ते 'राष्ट्रीय चित्र' नव्हेच, ती जपानी चित्रे! काल ज्यांना जपान्यांनी पास केले होते, ते त्याच कारणावरून आज नापास होऊ लागले. हा तंटा पंचवीस-तीस वर्षे चालला. तो शेवटी कुणी सोडवला, तर या तैचुंगच्याच लिन चिह-चू या चित्रकाराने, १९७७ साली. तो म्हणाला, तेलात कालवलेल्या रंगाच्या चित्राला आपण तैलचित्र म्हणतो, पाण्यातल्याला जलचित्र; मग आमचे रंग सरसात कालवलेले, तर आमच्या चित्राला सरसचित्र म्हणा. झाले! देशाचे नाव गेले, डिंकाचे आले, आणि भांडण मिटले. सरस खलताना ज्याच्या नाकाने तो वास घेतला आहे अशा माणसालाच ही युक्ती सुचणार, पंडिताला नाही.

पण सगळीच भांडणे अशी डिंकाने चिकटली नाहीत. चेन चेंग-पो हा चिआयी गावचा चित्रकार. १९२६ साली जपानच्या शाही प्रदर्शनात तैवानी माणसाचे तैलचित्र पहिल्यांदा लागले ते याचे, आणि विषय काय, तर आपल्या गावाबाहेरचा रस्ता. चीन ही आपली मायभूमी म्हणून त्याला ओढ होती; शांघायला जाऊन तो काही वर्षे शिकवूनही आला होता. १९४७ च्या फेब्रुवारीअखेर सरकारी जुलमाविरुद्ध बेटभर दंगा उसळला. चिआयीच्या लोकांच्या वतीने लष्कराशी बोलायला जी मंडळी गेली, त्यांत हा होता. २५ मार्चला त्याला गावाच्या रेल्वे स्टेशनासमोर, सगळ्यांच्या देखत, गोळ्या घातल्या. त्याच्या बायकोने प्रेताचा फोटो काढवून घेतला, आणि तो फोटो, अंगावरचे रक्ताचे कपडे आणि सगळी चित्रे घरात लपवून ठेवली. पुढे बत्तीस वर्षांनी, १९७९ साली, त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरू शकले. बत्तीस वर्षे त्या बाईने चित्रांना वाळवी लागू दिली नाही, ही गोष्ट मला कुठल्याही पदकापेक्षा मोठी वाटते.

तैचुंगचे बघून झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आम्ही राजधानीला, तैपेला गेलो. कारण द्वैवार्षिकाचा थोरला भाऊ तिथे राहतो. पाऊस भुरभुरत होता. तैपेचा हिवाळा म्हणजे आपल्याकडचा आषाढ समजा. युआनशान स्टेशनात उतरून पाच-दहा मिनिटे चालले की नगरपालिकेचे कलासंग्रहालय लागते. १९८३ च्या डिसेंबरात उघडलेली ही इमारत काओ अर-पान या वास्तुशिल्पीची: मोठमोठ्या पांढऱ्या चौकोनी नळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या रचाव्यात तशी. नव्या कलेसाठी बांधलेले बेटावरचे हे पहिले संग्रहालय. तिकीट तेव्हा तीस तैवानी डॉलर होते, म्हणजे आपले सत्तर रुपये. आमच्या मंडळींनी तेवढ्यात चार मजले बघणे परवडते असा निकाल दिला.

इथल्या अंगणाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९८५ साली ली त्साय-चिएन नावाच्या शिल्पकाराचे एक तांबडे शिल्प बाहेर मांडले होते. नुसते भूमितीचे आकार. एका जुन्या सैनिकाने तक्रार केली, की अमुक एका बाजूला उभे राहून बघितले तर यात पाच टोकांचा तांबडा तारा दिसतो! तांबडा तारा म्हणजे कम्युनिस्ट. झाले, संग्रहालयाने शिल्पकाराला न विचारता शिल्प चंदेरी रंगवून टाकले. शिल्पकाराने आणि वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केल्यावर ते पुन्हा तांबडे झाले. हसू येते, पण ज्या देशात एका शिल्पाभोवती फिरून फिरून तारा शोधावा लागतो, तिथे चित्र काढणाऱ्याच्या हाताची काय अवस्था होत असेल?

लष्करी कायदा उठल्यावर याच संग्रहालयाने १९९२ साली दर दोन वर्षांनी सध्याच्या तैवानी कलेचा आढावा घ्यायचे ठरवले. १९९६ चा विषय तर थेट होता: तैवानच्या कलेचे स्वत्व. म्हणजे आम्ही कोण? त्याच वर्षी बेटावर राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक झाली होती, तेव्हा हा प्रश्न नुसत्या चित्रकारांपुरता नव्हता. पण १९९८ साली दारे एकदम उघडली: प्रदर्शन आंतरराष्ट्रीय झाले, आणि त्याच्या संयोजनासाठी बोलावले कुणाला, तर फुमिओ नांजो या जपानी गृहस्थांना! १९२७ नंतर एकाहत्तर वर्षांनी पुन्हा जपानी परीक्षक. पण या खेपेला आमंत्रण तैवानचे होते.

त्यानंतरचे २००० सालचे एक काम मी फोटोत पाहिले आणि हळहळलो, की प्रत्यक्ष बघायला मिळाले नाही. मायकेल लिन या चित्रकाराने दालनाची सगळी जमीनच रंगवली. लग्नात मिळणाऱ्या गोधड्यांवर आणि उशांवर जी ठळक तांबडी-गुलाबी फुले असतात, तीच मोठी करून. लोक चपला काढून त्यावर बसत, लोळत. आजीच्या पेटीतले, आधुनिक मंडळींनी गावंढळ म्हणून टाकून दिलेले कापड. आपल्याकडच्या वाकळा आणि इरकली खण आठवले.

आम्ही गेलो तेव्हा २०१८ चे प्रदर्शन चालू होते. संयोजक वू मा-ली या तैवानी कलावंत बाई आणि फ्रान्चेस्को मानाकोर्दा हे इटालियन गृहस्थ. विषय निसर्गाचा. दारातून आत शिरताच एक अख्खे झाड उलटे टांगलेले, मुळे वर आणि शेंडा खाली, आणि खाली आरसा. आरशात मात्र ते सुलटे. हे काम हेन्रिक होकान्सन या स्वीडिश कलावंताचे. आमची मंडळी त्या झाडापाशी बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "याला पाणी कोण घालतं?" एवढा मुद्द्याचा प्रश्न कुणी समीक्षकानेही विचारला नसेल. पुढे बेटाभोवतीच्या समुद्रातले पाणी गोळा करून त्यातले प्लास्टिक मोजणारी एक संस्था होती, बिघडत चाललेले किनारे वर्षानुवर्षे टिपणारा को चिन-युआन हा वृत्तपटकार होता. आणि आदिवासींचा एक गट होता. आपल्या पूर्वापार जमिनींच्या हक्कासाठी ही माणसे २०१७ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या रस्त्यावर बसली होती. तिथून उठवल्यावर जवळच्या बागेत जाऊन बसली. आणि त्यांचा 'वर्ग' या प्रदर्शनात आमंत्रित म्हणून होता! सरकारवरचे गाऱ्हाणे, आणि ते टांगलेले सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या भिंतीवर. साहेब येणार म्हणून कुणी ते काढून ठेवलेले नव्हते.

दुकानात मला कुओ श्वे-हूच्या १९२८ च्या चित्राची छापील प्रत मिळाली. नाव 'युआनशानच्या आसपास'. म्हणजे आम्ही उभे होतो तोच परिसर. वर गर्द झाडीची टेकडी, पाने एकेक सुटी काढलेली, आणि भाजीच्या मळ्यात वाकलेली एक बाई. वीस वर्षांच्या पोराने काढलेले. काचेतून बाहेर बघितले तर टेकडी पावसात अंधूक दिसत होती. मळा गेला, तिथे आता मोटारी.

संध्याकाळी चुंगशान सभागृहात जाऊन हुआंग तू-शुई या शिल्पकाराचे म्हशींचे मोठे उठावचित्र बघितले. जिन्याच्या भिंतीवर आहे. म्हशी, उघडी पोरे, मागे केळीची पाने. १९३० साली हे पुरे केले आणि त्याच वर्षी, पस्तिसाव्या वर्षी, तो वारला. म्हशीच्या हनुवटीखाली हात धरून उभे असलेले पोर बघून मंडळी म्हणाली, "हे खरं पाहिलेलं आहे." मी मान डोलावली.

याच हुआंगची एक गोष्ट राहिली, ती नंतरची आहे. २०२० साली तैचुंगचे पुढचे प्रदर्शन भरले. या वेळी संयोजक याओ जुई-चुंग. याने विद्यार्थी हाताशी धरून बेटभरच्या निकामी पडलेल्या सरकारी इमारतींचे फोटो काढून ठेवले आहेत. लोक त्या इमारतींना 'डासांची सभागृहे' म्हणतात. (आमच्या तालुक्याला तो आला तर त्याला एक खंड इथलाच काढावा लागेल.) प्रदर्शनाचे नाव त्याने 'जनावरांहूनही हीन' असे ठेवले होते. पण ते साल कोरोनाचे. आम्ही सोलापुरात दार लावून बसलेलो.

पुढच्या वर्षी लेकीने फोनवर एक बातमी पाठवली. हुआंगने १९१९ साली 'अमृतजल' नावाची संगमरवरी मूर्ती घडवली होती: शिंपल्यातून उभी राहिलेली निर्वस्त्र तरुणी, चेहरा वर केलेला, डोळे मिटलेले, आणि नाकडोळे इथल्या पोरीचे. १९२१ साली ती टोकिओच्या शाही प्रदर्शनात लागली. पुढे तैपेत त्या शिक्षण सभेच्या इमारतीत उभी होती. जपानी गेल्यावर त्या इमारतीत प्रांताची सभा भरू लागली. १९५८ साली सभेचे ठाणे तैचुंगकडे हलले तेव्हा सामानाबरोबर मूर्तीही आली आणि तैचुंगच्या स्टेशनापाशी बेवारस पडली. कुणी तरी तिच्यावर शाई ओतली होती. जवळच्या एका डॉक्टरांनी ती उचलून आपल्या इस्पितळात नेली. १९७४ साली त्यांच्या घरच्यांनी ती लाकडी पेटीत घालून आपल्या कारखान्यात ठेवून दिली. जगाच्या लेखी ती हरवली. २०२१ च्या मे महिन्यात पेटी उघडली. अंगावरची शाई तशीच. डाग काढून त्या वर्षअखेर ती तैपेत लोकांपुढे आली, आणि आता ती तैचुंगच्या त्याच संग्रहालयाची झाली आहे.

मी हिशोब केला. आम्ही तैचुंगला गेलो होतो तेव्हा ती त्याच परिसरात पेटीत उभी होती. मी ते मंडळींना सांगितले. त्या चष्मा लावून बराच वेळ फोनमधला फोटो बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "त्या खडी फोडणाऱ्या बायांचं चित्र तुम्ही पोराला परत दिलं होतं, की शाळेतच राहिलं?"

शाळेतच राहिले होते. दिवाळीची सुट्टी संपली की हेडमास्तरांना विचारून माळ्यावरची कपाटे बघायची आहेत. किल्ल्या शिपायाकडे असतात.